थिनरचा रिकामा लोखंडी ड्रम धुऊन, कापून पाणी साठवायला वापरता येईल का?

पाण्यासाठी नको, आणि कापू तर अजिबात नका. २०० लिटरचा भरलेला ड्रम जितका धोकादायक, त्याहून 'रिकामा' जास्त. भरलेल्यात वाफ आणि हवा मिसळायला जागाच थोडी असते. रिकाम्यात तेच मिश्रण पूर्ण ड्रमभर असतं आणि ग्राइंडरची एक ठिणगी त्याला पुरते. वास येत नाही म्हणजे धोका टळला असंही नाही. तळाच्या आणि वरच्या दुमडलेल्या कडेत रसायन अडकलेलं असतं. गॅस कटरची धग लागली की त्याची वाफ होते. म्हणून धुतलेला ड्रमही घरी कापू नये, असं मी ठामपणे सांगेन.

भंगारात किंवा दुरुस्तीला देण्यासाठी ड्रम धुणार असाल, तर आधी आत नेमकं काय होतं ते लेबल आणि सेफ्टी डेटा शीटवरून (रसायनाचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारा कागद) बघा. लेबल नसेल तर ड्रम धुऊच नका. तीव्र सल्फ्युरिक आम्ल लोखंडी ड्रममध्ये नीट राहतं, पण धुताना त्यात पाणी गेलं की ते तापतं, सौम्य होतं, लोखंड खायला लागतं आणि हायड्रोजन हा पेट घेणारा वायू सुटतो. आयसोसायनेटमध्ये (फोम आणि पीयू रंगांत लागणारं रसायन) पाणी गेलं तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बूच बंद असेल तर ड्रम फुगून फुटतो. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमच्या डब्यात गेला तरी हायड्रोजनच.

थिनर बहुतेक वेळा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे नुसत्या पाण्याने काही साधत नाही. त्याच जातीचं स्वच्छ सॉल्व्हंट, म्हणजे रसायन विरघळवणारा द्रव, लागतं. काम उघड्यावर, रसायनाला टिकणारे हातमोजे आणि चष्मा घालून करा, जवळपास कुठलीही ज्योत नको. ड्रमला अर्थिंग जोडा, कारण सॉल्व्हंट ओतताना स्थिर वीज साठते. दोन्ही बुचं उघडा, मोठं भोक सर्वांत खाली येईल असा ड्रम तिरका ठेवा, आणि धार तुटून थेंब पडायला लागल्यावरही अर्धा मिनिट थांबा. मग २० लिटर ओता, बुचं लावा, ड्रम आडवा करून पूर्ण फेरा लोळवा, दोन्ही टोकांवर आलटून पालटून उभा करा, निथळा. असं तीनदा.

तीनदा का? दर वेळी आत १ लिटर मागे राहतं असं धरा. २० लिटरच्या तीन खेपांनंतर मूळ रसायनाचा सुमारे ९,००० वा भाग उरतो. तेच ६० लिटर एकदम ओतले तर ६१ वा.

हे धुवण हाच खरा घातक कचरा. पहिल्या खेपेचं पुढच्या मालात वापरता येतं का बघा; बाकीचं गटारात न ओतता बंद डब्यात, लेबल लावून, परवानाधारक विल्हेवाट केंद्राकडे द्या.

पुन्हा रसायनासाठीच वापरायचा असेल तर ड्रम दुरुस्त करणाऱ्या कारखान्याकडे द्या. तिथे गरम कॉस्टिकने धुणं, आत साखळ्या फिरवून गंज काढणं, पोचे काढणं, हवेच्या दाबाने गळती तपासणं हे सगळं होतं. आतून लाखेसारखा थर असलेल्या ड्रममध्ये मात्र साखळी गेली की तो थर जातो, आणि नवा द्यावा लागतो. वाफेने धुतलेला ड्रम गरम असताना बुचं लावू नका. थंड होताना आत निर्वात होऊन तो चिपाडासारखा चेपतो.

भंगारात देताना बुचं आणि रबरी वायसर काढून द्या, आणि घेणाऱ्याला आत काय होतं ते लेखी सांगा. तिथे तो प्रेसमध्ये दाबला जाऊ दे. बूच लावलेला ड्रम भट्टीत गेला तर आतल्या दाबाने फुटतो, आणि समोर माणसं उभी असतात.