आबाजींची काठी आणि आजीचा इळा

बाळा,

दसऱ्याला मामाने व्हिडिओ कॉलवर गावची पूजा दाखवली, तेव्हा तू विचारलंस, "आई, तलवार नाही, बंदूक नाही, मग ही शस्त्रपूजा कशी? आणि पणजोबा खाकी घालायचे ना, मग निबंधात सैनिक लिहू का?" मी कामावर निघायच्या घाईत 'ते सैनिक नव्हते' एवढंच म्हणाले आणि तू हिरमुसलास. रविवारच्या मराठी शाळेत 'माझे पूर्वज' हा निबंध द्यायचा आहे तुला. म्हणून आज मेलबर्नच्या या घरात, तू झोपल्यावर, सविस्तर लिहिते आहे.

आपल्याकडे दसऱ्याला ज्याच्या त्याच्या कामाची वस्तू पाटावर येते. शेतकऱ्याची वखराची पास, शिंप्याची कात्री, सुताराची वाकस. आता मामा ट्रॅक्टरलाही हार घालतो. ज्या वस्तूने घर चालवलं तिला वर्षातून एकदा हळदकुंकू लावायचं. मग शिवेबाहेर जाऊन आपट्याचं सोनं आणायचं, वाटेत नीळकंठ दिसला तर हात जोडायचे, आणि घरोघरी 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' म्हणत थोरांच्या पाया पडायचं. आपल्या पाटावर तू दोन जुन्या वस्तू पाहिल्यास. टोकाला लोखंडी शेंबी असलेली बांबूची काठी माझ्या आबाजींची, म्हणजे तुझ्या पणजोबांची. आणि झिजून बोटभर उरलेला इळा माझ्या आजीचा.

आबाजी होमगार्ड होते. मराठीत गृहरक्षक दल. मुंबई प्रांतात हे दल ६ डिसेंबर १९४६ ला उभं राहिलं. दंगलींचे दिवस होते, पोलीस अपुरे पडत, तेव्हा साध्या नागरिकांनी कवायत शिकून त्यांच्या मदतीला यायचं, अशी ती कल्पना. आपलं वऱ्हाड तेव्हा मुंबईत नव्हतं. आपण मध्यप्रांत-वऱ्हाडात, राजधानी नागपूर. त्या प्रांताने १९४७ साली होमगार्डचा आपला वेगळा कायदा केला. पुढे १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्र झाला.

आबाजी त्यात गेले ते चीनच्या युद्धानंतर. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला. यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' असं लोक म्हणू लागले. त्यानंतर केंद्राने राज्यांना सांगितलं, वेगवेगळी स्वयंसेवक दलं एकत्र करा, सगळीकडे एकसारखं होमगार्ड उभारा. आपलं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारट, ओलिताची सोय नाही, पावसावरचा कापूस आणि ज्वारी. तिथून हिमालय फार लांब. पण आबाजी म्हणायचे, "बंदूक चालवता नाही येत, पण जागता तर येते."

हे 'जागणं' तुला समजावून सांगते, कारण सगळं त्यातच आहे. पीक हातातोंडाशी आलं की रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, एका रात्रीत वावर साफ करतात. म्हणून माणसं मचाणावर रात्र काढतात, त्याला जागल म्हणतात. आबाजी दहाव्या वर्षापासून जागलीला जायचे. ती काठी जागलीचीच. सरकारने दिलेला गणवेश नोकरी संपल्यावर परत करावा लागला, काठी मात्र घरची म्हणून राहिली.

नोकरी म्हटलं खरं, पण ती नोकरी नव्हतीच. होमगार्डला महिन्याचा पगार नसतो. बंदोबस्ताला बोलावतील त्या दिवसांचा भत्ता, बाकी दिवस आपापलं पोट आपण भरायचं. त्यांच्या पथकात शेतकरी होते, शिंपी होते, हॉटेलात भजी तळणारा एक जण होता. दलाचं ब्रीद 'निष्काम सेवा'. भत्ता कित्येकदा महिनोन् महिने यायचा नाही, आणि आजी तेवढे दिवस दुकानदाराकडे उधारी ठेवायची. पण कामाला बोलावलं की होमगार्डला कायद्याने पोलिसासारखेच अधिकार मिळतात, आणि आबाजींना त्याची जाणीव फार होती. अंगावर खाकी असेपर्यंत ते कुणाच्या घरचा चहासुद्धा घेत नसत.

गणपती, निवडणुका, पूर्णेला पूर आला की काठावरची वस्ती हलवणं, अशी ती कामं. पौषातल्या रविवारी ऋणमोचनची यात्रा भरते, गाडगेबाबांनी जिथे वर्षानुवर्षं सेवा केली तीच. तिथे आबाजींची जागा नदीच्या घाटावर. थंडीत पहाटेपासून पाण्याच्या कडेला उभं राहून, आंघोळीला उतरणाऱ्या म्हाताऱ्यांना हात द्यायचा. हे काम त्यांना सगळ्यांत आवडायचं.

आता इळ्याकडे येते, कारण तू पणजोबांबद्दलच विचारलंस, पणजीबद्दल नाही.

एका वर्षी पोळ्याला शेजारच्या गावात पहिल्या मानावरून भांडण पेटायची चिन्हं होती. कोणाची जोडी आधी तोरणाखालून जायची यावरून डोकी फुटतात, आजही. आबाजींना बोलावणं आलं ते आदल्या संध्याकाळी. खांदशेकणी चालली होती. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून ते म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तेवढं म्हणून झालं आणि हात धुऊन ते निघाले.

शेतकऱ्याने पोळ्याला घरी नसणं म्हणजे काय, हे तुला इथे बसून कसं कळणार? बैल वर्षभर राबतो, त्याचा तो एकच दिवस. घरात दुसरा मोठा पुरुष नव्हता. माझे बाबा सात वर्षांचे. भावकीतल्या एकाने निरोप धाडला, आमचा पोरगा नेईल तुमची जोडी. आजीने नाही म्हटलं. तिने बैल धुतले, शिंगांना बेगड लावली, झुली घातल्या, दारात पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, टाकल्या. आणि डोईवरचा पदर खोचून कासरा स्वतःच्या हातात धरून ती तोरणाकडे निघाली. बाबा पुढे, हातात आरतीचं ताट.

बायका बैल घेऊन पोळ्यात जात नाहीत. कुणीतरी मोठ्याने म्हटलंच, "बाई कायले आली?" बाबा सांगायचे, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणारा म्हातारा मध्येच थांबला, त्याने आजीकडे पाहिलं आणि म्हणाला, "तिचा माणूस दुसऱ्याच्या पोळ्यावर जागून राह्यला. जाऊ द्या तिले." रांगेत तिला जागा झाली. तोरण तुटलं, तिची जोडी सगळ्यांसोबत निघाली, आणि पाचपन्नास घरांनी तिच्या बैलांना ओवाळून बाबांच्या हातावर बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, ठेवला.

आबाजी दुसऱ्या दिवशी दुपारी आले. तिथे भांडण झालं नव्हतं. घरी काय झालं ते त्यांना वेशीवरच कळलं. ते काही बोलले नाहीत, सरळ गोठ्यात गेले आणि बराच वेळ बैलांच्या अंगावरून हात फिरवत राहिले. त्या दसऱ्याला त्यांनी काठी पाटावर मांडली आणि आजीला म्हणाले, "तुवा इळा आण." ती म्हणाली, "त्याले काय पुजता? बांधावरचं गवत कापतो म्या त्यानं." तरी त्यांनी तो स्वतः उठून कोपऱ्यातून आणला. तेव्हापासून दोन्ही शेजारी असतात.

मला ते म्हातारे झालेले आठवतात, कानाला कमी ऐकू येणारे. आजी मात्र शेवटपर्यंत वावरात जायची. बंदोबस्ताच्या दिवसांत निंदण, वेचणी, सावकाराचे हप्ते, तीन पोरांचं आजारपण, सगळं तिने एकटीने ओढलं. त्यांच्या नावाचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे. तिच्या नावाचं काहीच नाही, सातबाऱ्यावरही तिचं नाव ते गेल्यावर लागलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा निबंधात 'सैनिक' लिहू नकोस. 'शेतकरी आणि होमगार्ड' असं लिही. आणि पुढचं वाक्य पणजीचं असू दे. ती बैल घेऊन पोळ्याला गेली, हे बाईंना नक्की सांग. झडत्या, बोजारा हे शब्द अडले तर रविवारी मामाला फोन लावू. त्याला त्या म्हाताऱ्याची एक झडती पाठ आहे.

तुझी,
आई