चौदा वर्षं सोडून द्यायची हिंमत कुठून आणू?

प्रश्न: ताई, नमस्कार. माझं वय ४०, गेली १४ वर्षं ऑडिटमध्ये आहे. पोस्ट चांगली, पगार वेळेवर, तक्रार करावी असं काही नाही, पण तीनेक वर्षं झाली मन लागत नाही. दर शनिवारी एका संस्थेत कर्णबधिर मुलांना गणित शिकवायला जातो, तिथे दोन तास कसे जातात कळतच नाही. त्याचा रीतसर कोर्स करून त्यातच पडावं असं वाटतं. राजीनामा टाईप करून आठ महिने झाले, ड्राफ्टमध्ये पडलाय. दर सोमवारी उघडतो, एखादा स्वल्पविराम बदलतो, बंद करतो. इतक्या परीक्षा, इतकी वर्षं पाण्यात घालवायची का? मी भित्रा आहे का?

उत्तर: भित्रे अजिबात नाही आहात. भित्रा माणूस आठ महिने दर सोमवारी तो ड्राफ्ट उघडत बसला नसता.

तुम्हाला नोकरी सोडायची भीती वाटतेय असं मला नाही वाटत, तुमचा जीव अडकलाय तो त्या १४ वर्षांत. १९८५ साली आर्क्स आणि ब्लूमर या दोन संशोधकांनी नाटकाच्या सीझन तिकिटांवर एक प्रयोग केला, काहींना तिकीट पूर्ण किमतीत मिळालं, काहींना न मागता सवलत मिळाली, नाटकं तीच, पण सीझनच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेली माणसं जास्त वेळा हजर राहिली, म्हणजे आवडीपेक्षा भरलेले पैसे त्यांना ओढून नेत होते. तुम्ही तर पैसे नाही, उमेदीची वर्षं भरलीत, ओढ वाटणारच. पण ती वर्षं राहिलात तरी परत येणार नाहीत नि गेलात तरी नाही, तेव्हा विचार करायचा तो पुढच्या वीस वर्षांचा.

आणि ती पाण्यात गेली हे तर मला मान्यच नाही. आकडा नेमका कुठे घसरला ते शोधायची जी नजर तुम्हाला ऑडिटने दिली, तीच नजर मुलाची वही बघताना लागते ना? उत्तर चुकलंय हे कुणालाही दिसतं, पण हातचा तिसऱ्या ओळीत राहिला हे बघणारा शिक्षक मुलाला क्वचितच भेटतो.

मी स्वतः ११ वर्षांचं लॅबमधलं काम सोडलं तेव्हा पैशाचं टेन्शन मी धरून चाललेच होते, पण ओळख जाते ते कुणी सांगितलं नव्हतं. नवीन माणूस भेटला आणि काय करता विचारलं की मी दोन वर्षं "आधी मी लॅबमध्ये होते" असंच सुरू करायचे. तुम्हालाही पंचविशीतल्या मुलीच्या हाताखाली शिकावं लागेल, चुका दाखवल्या जातील, ते लागतं मनाला. वाईट वाटू द्या, त्याचा अर्थ निर्णय चुकला असा नसतो.

मात्र शनिवारचे दोन तास आणि रोजचं काम यात खूप फरक आहे हो. रोजच्या कामात रिपोर्ट लिहिणं आलं, थकलेल्या पालकांशी बोलणं आलं, आठवडेच्या आठवडे एखादं मूल पुढे सरकत नाही तेही आलं. म्हणून आधी आठवडाभर रजा काढा आणि सकाळपासून शाळा सुटेपर्यंत वर्गात बसा. जमलं तर या कामात येऊन परत गेलेलं कुणी शोधा, त्यांच्याशी नक्की बोला, खुश असलेली माणसं अर्धंच सांगतात. घरी बसून कोर्सचा काळ, फी, महिन्याचा खर्च, सगळं कागदावर मांडा, आणि कोर्स संपल्यावरही किमान सहा महिने निघतील एवढी शिल्लक होईपर्यंत नोकरी धरून ठेवा. तारीख मात्र ठरवा, "बघू" नको. हिंमत आधी गोळा करून मग पाऊल टाकायचं असं माझ्या बाबतीत तरी झालं नाही, थोडं थोडं करत गेले तशी ती येत गेली.

ड्राफ्ट राहू द्या तिथेच. येत्या सोमवारी तो उघडण्याऐवजी संस्थेत फोन करा, आठवडाभर वर्गात बसू द्याल का विचारा. आणि काय म्हणाले ते मला कळवा, मी वाट बघतेय.