फोर्ड मॉडेल टीच्या मॅग्नेटोवरून बॅटरी चार्ज करता येईल का?

तुमची गाडी 1914 ची, जनरेटर नसलेली. मागच्या एलईडी दिव्यासाठी 6 व्होल्टची बॅटरी बसवायची आणि ती मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून स्पार्कसाठी वीज तयार करणाऱ्या भागावर, चार्ज करायची, असा तुमचा प्रश्न आहे. होईल. पण मधे काही न घालता बॅटरीची वायर मॅग्नेटोच्या टर्मिनलला कधीही लावू नका, क्षणभरसुद्धा नाही. बॅटरीचा डीसी करंट मॅग्नेटोच्या कॉइल्समधून उलटा वाहिला, तर फ्लायव्हीलवरचे (इंजिनाच्या जड चाकावरचे) शंभर वर्षांपूर्वीचे लोहचुंबक कमजोर पडतात. मग स्पार्क कमजोर होतो आणि हँडल मारून मारून हात भरून येतात.

या मॅग्नेटोत फ्लायव्हीलवर 16 चुंबक फिरतात आणि त्यांच्यासमोर 16 कॉइल्सची स्थिर रिंग असते. त्यातून निघतो तो एसी, एका फेऱ्यात आठ आवर्तनं. व्होल्टेज इंजिनाच्या वेगावर: हळू चालताना सहा-आठ, पळवताना पंचवीस-तीसपर्यंत. 1915 पासून फोर्डने हेडलाइट याच मॅग्नेटोवर दिले. इंजिन मंद झालं की तेही मंद व्हायचे, ते याचमुळे.

म्हणजे एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर हवाच. एकच डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, मला तो पटत नाही. तो डायोड शॉर्ट झाला की बॅटरी सरळ मॅग्नेटोवर येते. चार डायोडचा ब्रिज घ्या. त्यात एक डायोड गेला तरी बॅटरीचा करंट मॅग्नेटोत शिरत नाही.

ब्रिज लावताना एक गोष्ट सांभाळावी लागते. मॅग्नेटोच्या रिंगचं एक टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं असतं. त्यामुळे ब्रिजच्या एसी बाजूची एक वायर टर्मिनलला, दुसरी बॉडीला. पण बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला अजिबात लागता कामा नये. लागली तर मॅग्नेटोचं अर्धं आवर्तन शॉर्ट होतं आणि इंजिन अडखळतं. दिव्यालाही दोन्ही वायर वेगळ्या ओढा, बॉडीचं अर्थिंग वापरू नका.

ब्रिजनंतर व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा स्टेप-डाउन रेग्युलेटर लावा, तोही 60 व्होल्टपर्यंत इनपुट सोसणारा, कारण तीस व्होल्ट एसीचं शिखर चाळीसच्या वर जातं. आउटपुट 7.2 व्होल्ट ठेवा, करंट अर्ध्या अँपिअरवर बांधा. स्पार्क देणारी इग्निशन कॉइल 1.3 अँपिअरवर जुळवलेली असते, तिच्या वाट्यातून जास्त काढणं बरं नाही. एक फ्यूज आणि एक स्विच घाला, आणि इंजिन सुरळीत चालू लागल्यावरच स्विच टाका. मंद चालीत चार्जिंग होणार नाही, ते धरूनच चला.

गाडीत मॅग्नेटो हाय-टेन्शन प्रकारचा, म्हणजे थेट प्लगला हजारो व्होल्ट देणारा असेल, तर हा नाद सोडा. त्यातून बॅटरीला लागेल एवढा करंट मिळतच नाही.

माझं मत विचाराल तर दोन वॅटच्या दिव्याला 4.5 अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी दहा-बारा तास पुरते. ती घरी चार्जरवर लावा आणि मॅग्नेटो फक्त स्पार्कसाठी राहू द्या.