सुट्टीतला मोकळा वेळ मुलांचाच राहू द्या

प्रश्न : आम्ही नेरुळला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि मुलगी सहा वर्षांची. परीक्षा संपताच दोघांची नावे स्केटिंग, अबॅकस आणि चित्रकलेच्या शिबिरांत घातली होती. पण दुसऱ्याच आठवड्यात मुलगा जायला कुरकुर करू लागला, म्हणून सगळे बंद करून त्यांना मनसोक्त खेळू द्यायचे ठरवले. सासूबाई अलिबागच्या आहेत. त्यांनी हौसेने विटी-दांडू आणवला, तो दहा मिनिटांत कोपऱ्यात गेला. आता दर पंधरा मिनिटांनी ‘आई, मी काय करू?’ हाच धोशा चालू असतो आणि शेवटी मी थकून हातात टॅब देते. सोसायटीत चेंडूने खेळायला बंदी आहे. मुलांना जुने खेळ शिकवायचे तरी कसे?

उत्तर : शिबिरे बंद करण्याचा तुमचा निर्णय मला योग्य वाटतो. त्यानंतर आलेला हा कंटाळा पाहून तो मागे घेऊ नका, एवढी विनंती सुरुवातीलाच करते. ज्या मुलाचा वर्षभराचा दिवस शाळेची घंटा, व्हॅन, शिकवणी आणि गृहपाठ यांनी आखलेला असतो, त्याच्या हातात अचानक रिकामी सकाळ आली की तिचे काय करायचे हे त्याला सुचत नाही, कारण ते ठरवण्याची वेळ त्याच्यावर कधी आलेलीच नसते. ‘काय करू?’ला ‘तूच बघ बरं’ असे शांतपणे म्हणून आपल्या कामाला लागावे. पहिले चार-पाच दिवस जड जातील. त्याच क्षणी टॅब दिला, तर चार वेळा विचारले की टॅब मिळतो एवढेच मूल शिकते. म्हणून टॅबची वेळ ठरवून टाका, जेवणानंतर अर्धा तास म्हणा, आणि ती बक्षीस किंवा शिक्षा म्हणून कमी-जास्त करू नका.

आता विटी-दांडूबद्दल. त्यात मुलांचा दोष नाही आणि सासूबाईंचाही नाही. तो खेळ मोकळ्या मैदानाचा आणि पाच-सहा गड्यांचा आहे. इमारतीच्या आवारात, दोघाच भावंडांत तो रंगणार नाही, शिवाय टोकदार विटी डोळ्याला लागण्याची भीती असते. जुना आहे म्हणून प्रत्येक खेळ प्रत्येक जागी चालत नाही. जागा, सोबती आणि वेळ पाहून खेळ निवडावा लागतो, आणि त्या बाबतीत आपल्याकडे भरपूर वैविध्य आहे.

मे महिन्यात नवी मुंबईत सकाळी अकरा ते दुपारी चार बाहेर खेळणे नकोच. हा वेळ बैठ्या खेळांचा. सागरगोटे, काचापाणी आणि माझ्या विशेष आवडीचा चल्लस-आठ. जमिनीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखायचा, दोन चिंचोके मधोमध फोडून त्यांच्या चार फोडी करायच्या आणि त्याच फाशांसारख्या टाकायच्या. जितक्या फोडी पांढरी बाजू वर करून पडतील तितके दान. चारही पांढऱ्या पडल्या तर चल्लस, म्हणजे चार, आणि चारही काळ्या पडल्या तर आठ. तुमची सहा वर्षांची मुलगी दोन दिवसांत बोटे न मोजता सोंगट्या सरकवू लागेल, पण त्यासाठी तिला गणित शिकवते आहोत असे चेहऱ्यावरही दाखवू नका. पट आखायला आणि पहिला डाव मांडायला आजी हव्यात. दुसऱ्या डावापासून त्यांनी बाजूला बसून लसूण सोलावा.

हे बाजूला बसणे मला फार महत्त्वाचे वाटते. तुम्ही विचारता, खेळ शिकवायचे कसे. ते शिकवायला गेलो की त्यांचाही क्लास होतो. हल्ली पारंपरिक खेळांचीही शिबिरे निघतात. तिथे शिट्टी मोठ्यांची, गट मोठ्यांनी पाडलेले आणि भांडण झाले तर निकालही मोठ्यांचाच. मुलांना खेळाची ओळख तेवढी होते, पण त्यातला गाभा मुलांकडून काढून घेतला जातो. पाच मुले स्वतःहून खेळायला जमली की आधी ‘सुटतात’. तिघे हातावर हात मारतात, ज्याचा तळवा वेगळा पडला तो सुटला, आणि शेवटी उरलेल्यावर राज्य येते. कोणाचे धाकटे भावंड लुडबुडत असले तर त्याला ‘कच्चे लिंबू’ करून घेतात, म्हणजे तो खेळतो पण बाद होत नाही. कोणाला धाप लागली तर तो ‘टाइमप्लीज’ म्हणतो आणि सगळे थांबतात. हे नियम कोणत्याही प्रशिक्षकाने केलेले नाहीत. दुबळ्याला सामावून घेण्याची इतकी सुंदर सोय मुलांनीच मुलांसाठी करून ठेवली आहे. ठाण्यात चरईतल्या आमच्या चाळीत मी दोन सुट्ट्या कच्चे लिंबू होते, आणि तिसऱ्या सुट्टीत माझ्यावर पहिल्यांदा राज्य आले तेव्हा झालेला आनंद मला आजही आठवतो.

भांडणे होतील. लगोरी लागली त्याआधी चेंडू पाठीत बसला की नंतर, यावर अर्धा तास वाद चालेल आणि तुम्हाला गॅलरीतून खाली उतरावेसे वाटेल. उतरू नका. त्या वादात मूल एक गोष्ट अनुभवत असते : आपण फार ताणले तर बाकीचे घरी निघून जातील आणि खेळच मोडेल. म्हणून ते कुठेतरी नमते घेते. रडीचा डाव खेळणाऱ्याला उद्या कोणी घेत नाही, हे आईच्या दहा उपदेशांपेक्षा त्याला लवकर कळते. मारामारी होत असेल, एकाच मुलाला सगळे मिळून रोज छळत असतील किंवा खेळ गाड्यांच्या वाटेवर गेला असेल, तरच मध्ये पडावे. गुडघा खरचटण्याने काही बिघडत नाही.

सोसायटीच्या बंदीवर वाद घालण्याऐवजी कमिटीकडे एक ठरावीक मागणी करून पाहा : संध्याकाळी साडेपाच ते सात, एक कोपरा, तेवढा वेळ तिथे गाड्या नकोत. चेंडूसाठी जुन्या मोज्यांत चिंध्या घट्ट कोंबून वरून शिवून घ्या. त्याने काच फुटत नाही आणि पाठीत बसला तरी लागत नाही. लगोरी आणि आबाधुबी दोन्ही त्यावर छान चालतात. लपाछपी, विषामृत, साखळी आणि डोंगर-पाणी यांना तर चेंडूही लागत नाही. कोणी अधिकाराची भाषा काढलीच, तर मुलांच्या खेळण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१व्या कलमात मान्य झालेला आहे आणि भारताने ती संहिता १९९२मध्ये स्वीकारली आहे, हे सौम्यपणे सांगता येईल. पाच वर्षांवरील मुलांनी रोज सरासरी किमान साठ मिनिटे अंग घामेजेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. दिवसाच्या उजेडात बाहेर वेळ घालवणाऱ्या मुलांमध्ये लांबचे अंधूक दिसून चष्मा लागण्याचे प्रमाण कमी असते, हेही टॅबच्या काळात लक्षात ठेवण्यासारखे आहे. सोबती गावाला गेले असतील, तर उरलेल्या दोन-तीन घरांशी बोलून खाली उतरण्याची वेळ तेवढी एक करा. सहा वर्षांच्या मुलीवर लांबून कोणाची तरी नजर हवी.

शिबिर अजिबात नको असे मी म्हणत नाही. मुलाने स्वतः मागितलेले एखादे असेल तर जरूर पाठवा.

प्रश्न : मी ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राहतो. नातवंडे सुट्टीत येतात. त्यांना लगोरी शिकवायला जातो, पण ती नियम बदलतात आणि मी चूक दाखवली की खेळ सोडून जातात. चपटे दगडही आमच्या संकुलात मिळत नाहीत.

उत्तर : आजोबा, त्यांना नियम बदलू द्या. आपल्या लहानपणी तरी शेजारच्या आळीतले नियम आपल्यासारखे कुठे होते? खेळ जिवंत असतो तेव्हाच तो बदलतो. दगडांची चिंताही नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, म्हणजे त्या वेळच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातच, आदिवासी मुलांची बालशिक्षणाची साधने शंख-शिंपले, बिया, पाने आणि दगड यांतूनच उभी केली. तुमच्या आवारातही फुटक्या लाद्यांचे तुकडे सापडतील. शोधायला नातवंडांनाच पाठवा, कडा मात्र तुम्ही घासून बोथट करा. सातच हवेत असेही नाही. लहान हातांना पाचांची चळत बरी पडते.