लाडक्या ग्राफिक नॉव्हेलवर सिनेमा येतोय, पण आनंदापेक्षा धाकधूकच जास्त आहे. आशा ठेवावी का?

ठेवा की. फक्त कशाची ठेवायची ते आधी ठरवा. तुम्ही लिहिलंय की टीझरमधला पोशाख पुस्तकातल्यासारखा नाही, रंग फिका वाटतोय आणि तेव्हापासून चैन पडत नाही. शिवाय वाचताना कानात असलेला आवाज पडद्यावर वेगळाच निघेल, ही दुसरी शंका. पोशाखाचं सोडून द्या. पोशाख हुबेहूब, चौकटी हुबेहूब, संवादही बरेचसे तेच, आणि तरी पुस्तक हातातून निसटलेलं, असा नमुना 'वॉचमेन' या ग्राफिक नॉव्हेलवरच्या सिनेमाच्या रूपानं आपल्यासमोर आहे.

मी सांगलीचा. दिवसा छपाईच्या फाइली लावतो आणि संध्याकाळी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो, त्यामुळे पान आणि रंगमंच दोन्हीकडचं थोडंफार कळतं. इथं ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली कादंबरी, वाचणारे मोजकेच. कुणीतरी एक प्रत ऑनलाइन मागवायची आणि ती विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत हातोहात फिरायची, अशी आमची पद्धत. मग चहाच्या गाड्यावर भांडणं. 'वॉचमेन'वरून जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरून झाली नसतील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅलन मूरनं लिहिलेलं आणि डेव्ह गिबन्सनं चितारलेलं, मुखवटे घालून गुन्हेगारांशी लढणाऱ्या माणसांचं हे पुस्तक 1986-87 मध्ये 12 अंकांत आलं. यावर सिनेमा होणारच नाही असं म्हणणारे पुष्कळ होते. टेरी गिलियमसारख्या दिग्दर्शकानं प्रयत्न करून नाद सोडला. शेवटी 2009 मध्ये झॅक स्नायडरचा सिनेमा आला. मूरनं श्रेयनामावलीत स्वतःचं नाव येऊ दिलं नाही, पैसेही नाकारले. गिबन्स मात्र सिनेमावाल्यांच्या सोबत होता. लग्नघरात एक काका रुसून खोलीत बसलेले आणि दुसरे मांडवात पाहुण्यांचं स्वागत करताहेत, तसला प्रकार. चाहत्यांतही तीच फाळणी.

सगळ्यात जास्त बोंब झाली ती शेवटावरून. पुस्तकात न्यूयॉर्कच्या मध्यावर एक अजस्र, ऑक्टोपससारखा प्राणी आदळतो आणि लाखो माणसं मरतात. सिनेमानं तो प्राणी, चाहत्यांच्या भाषेत 'स्क्विड', काढला आणि डॉक्टर मॅनहॅटन या अचाट शक्तीच्या निळ्या पात्राच्या ऊर्जेचे स्फोट घातले. आमच्यातला एक तर अजून म्हणतो, "स्क्विड न्हाई तर पिक्चर कसला?" मला विचाराल तर कथेच्या हिशेबानं सिनेमातला बदल चांगला घट्ट बसतो. बिघडलं ते दुसरीकडेच, रस्त्याच्या एका कोपऱ्यावर.

पुस्तकात न्यूयॉर्कच्या एका चौकात पेपरचा स्टॉल आहे. स्टॉलवाला म्हातारा दिवसभर गिऱ्हाइकांना जगाचं राजकारण समजावत असतो. शेजारी एक पोरगा जमिनीवर बसून समुद्री चाच्यांचं कॉमिक फुकटात वाचत असतो. टॅक्सी चालवणारी बाई येते, मानसोपचारतज्ज्ञ आणि त्याची बायको येतात, पोलीस येतात. यातल्या कुणाकडेही मुखवटा नाही, कुणी जग वाचवणार नाही. पण अंकामागून अंक तुम्ही त्या कोपऱ्यावर परत येता आणि नकळत ती माणसं ओळखीची होतात. 11व्या अंकाच्या शेवटी म्हातारा आणि पोरगा एकमेकांना घट्ट धरतात आणि चौकटी पांढऱ्या होत जातात. पुढचा अंक उघडला की सलग सहा पूर्ण पानांची चित्रं. प्रेतं, काचा, रक्त. संवाद एकही नाही.

आता यात छपाईची गंमत बघा. अख्ख्या पुस्तकात बहुतेक पानं नऊ चौकटींच्या जाळीवर बेतलेली आहेत. 11 अंक डोळ्याला त्या छोट्या खिडक्यांची सवय लावायची आणि मग अचानक पान एवढं उघडायचं की नजर लपवायला जागाच उरत नाही. सिनेमाला हे करता येत नाही. पडदा पहिल्या मिनिटापासून मोठाच असतो. तिथं आकाराऐवजी दुसरं काहीतरी शोधावं लागतं. शांतता, वेळ, आवाज, काहीही. आणि मुख्य म्हणजे मरणारी माणसं आधी ओळखीची करून द्यावी लागतात. थिएटरला आलेल्या 162 मिनिटांच्या सिनेमात तो कोपरा जवळजवळ गायब आहे. म्हातारा आणि पोरगा ऐनवेळी दिसतात, एकमेकांना धरतात आणि संपतात. पुस्तक न वाचलेल्या माझ्या बायकोनं विचारलं, "हे दोघं कोण होते?" या एका प्रश्नात सगळं समीक्षण आलं.

नंतर 215 मिनिटांची आवृत्ती निघाली. तिच्यात स्टॉलही आहे आणि चाच्यांची गोष्टही. म्हणजे स्टॉलचं चित्रीकरण केलेलं होतं, थिएटरमध्ये जागा मिळाली नाही एवढंच.

त्याच सिनेमाची सुरुवात मात्र आठवा. बॉब डिलनचं गाणं चालू आहे आणि 1940 पासूनचे मुखवटेवाले जवळजवळ स्तब्ध उभे आहेत, फोटो काढताना उभे राहावेत तसे. फक्त फ्लॅशचा धूर हळूच सरकतोय. ही दृश्यमालिका पुस्तकात अशी कुठंच नाही. त्यातली माहिती अंकांच्या शेवटी दिलेल्या गद्य पुरवण्यांमध्ये, जुन्या फोटोंमध्ये विखुरलेली आहे. दिग्दर्शकानं ती गोळा केली आणि सिनेमाच्या भाषेत नव्यानं मांडली. पुस्तकाशी सगळ्यात इमान राखणारी त्या सिनेमातली मिनिटं नेमकी पुस्तकात नसलेली आहेत! उलट मारामाऱ्या बघा. पुस्तकात त्या झटपट आणि ओंगळ आहेत, वाचताना पोटात ढवळतं. सिनेमात हाडं मोडतात तीही स्लो मोशनमध्ये, ऐटीत. चौकट तीच असली तरी वाचकानं तिच्यासमोर किती थांबायचं हे आता दुसरा माणूस ठरवतोय, आणि त्यानं नको तिथं थांबवलं.

आमच्या नाटकवाल्यांना हा प्रश्न नवा नाही. राज्य नाट्य स्पर्धेसाठी आम्ही एकदा एक कथा बसवली होती. त्यात एक बाई रात्री फाट्यावर गाडीची वाट बघत बसते. कथेत तिच्या मनातलं सगळं दोन पानं भरून लिहिलेलं. लेखकाचे शब्द कसे काढायचे म्हणून ग्रुपमध्ये भांडण. शेवटी निवेदन सगळं उडवलं आणि विंगेतून एक स्पॉट हातानं फिरवत तिच्या तोंडावरून नेला, जाणाऱ्या गाडीच्या दिव्यासारखा. परत अंधार. परत दिवा. प्रत्येक उजेडात ती थोडी पुढं सरकून बसायची आणि अंधार झाला की मागं. शब्द एकही नाही, पण कथा वाचलेली माणसं प्रयोगानंतर म्हणाली, तेच आहे.

आणि गोष्ट आधीच माहीत असण्याची भीती सांगलीनं तरी बाळगू नये. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथं 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे प्रेक्षागृहात कुणाला ठाऊक नव्हतं? तरी लोक बसले. रावण कसा येतो, कसा ओरडतो, हे बघायला बसले. प्रत्येकाच्या डोक्यात आपापला रावण असणारच.

इथं तुमची दुसरी शंका येते, ती म्हणजे आवाज. ही मात्र खरी शंका आहे. चित्रातल्या माणसाला आवाज नसतो, तो आपण देतो. आपल्याकडे 'चिंटू'चं उदाहरण घ्या. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू 1991 पासून 'सकाळ'मध्ये यायला लागला, आणि 2012 मध्ये श्रीरंग गोडबोल्यांनी त्यावर सिनेमा केला. मधल्या काळात ज्या घरात तो पेपरातून येत होता त्या घरात एकेक चिंटू वाढत होता. कुणाच्या कानात तो पुणेरी बोलायचा, आमच्या गल्लीत तो "काय करायलाईस?" असं विचारायचा. दोन-चार रेघांचा चेहरा कुणाचाही असू शकतो. खरं पोरगं पडद्यावर आलं की तो एकाचाच होतो. यावर इलाज नाही. तेवढं सोसायची तयारी ठेवायची. 'वॉचमेन'मध्ये रोर्शाक या मुखवटेवाल्याच्या संवादांचे फुगे वेडेवाकडे, कडा थरथरलेल्या असतात. जॅकी अर्ल हेलीनं त्याला जो खरखरीत आवाज दिला तो आमच्यात सगळ्यांना पटला, स्क्विडवाल्यालासुद्धा. पण डॉक्टर मॅनहॅटनच्या निळ्या फुग्यांतून मला घुमणारा, खोल आवाज ऐकू यायचा. सिनेमात तो मऊ, जवळजवळ दमलेला निघाला. अजून सवय झालेली नाही.

लेखक स्वतः सोबत असला की काळजी कमी, असं काहीजण म्हणतात. मार्जान सत्रापीनं आपल्या 'पर्सेपोलिस' या ग्राफिक नॉव्हेलचा सिनेमा व्हिन्सेंट पारोनोबरोबर स्वतःच केला, 2007 मध्ये, तोही मुख्यतः काळ्या-पांढऱ्या अ‍ॅनिमेशनमध्ये. त्यामुळे रेघेचा आत्मा टिकला. हा एक मार्ग. दुसरा मार्ग एचबीओ या अमेरिकन वाहिनीच्या 2019 मधल्या 'वॉचमेन' मालिकेचा. तिनं पुस्तकाची गोष्ट परत सांगितलीच नाही, तिच्यापुढची सांगितली आणि जो स्क्विड सिनेमानं काढला होता तो खरा धरला. तिसरा मार्ग 'माऊस' हे ग्राफिक नॉव्हेल करणाऱ्या आर्ट स्पीगलमनचा. त्यानं सिनेमाला नकारच दिला. तोही मला मान्य आहे.

म्हणून सांगतो, टीझर परत परत थांबवून शिवण बघत बसू नका. त्यातून काही कळत नाही. सिनेमा आहे की मालिका, एक भाग की दोन, पटकथा कुणाकडे आहे, हे बघा. जाडजूड पुस्तक दोन तासांत बसवणार असतील तर सगळ्यात आधी कोण कापलं जाणार? नायक नाही, खलनायक नाही. कथानक पुढं न ढकलणारी, पण पुस्तकभर आजूबाजूला वावरणारी माणसं. तुमच्या पुस्तकातला पेपरवाला म्हातारा कोण आहे, ते एकदा पुस्तक काढून बघा. मग कलाकारांची यादी जाहीर होईल तेव्हा नायकाचं नाव सोडून आधी त्याचं शोधा.