परदेशी कादंबरी आणि ग्रुपातली भांडणं

प्रश्न : ताई, आम्ही धरमपेठेतले काही जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि एका पुस्तकावर बोलतो, मस्त चालून राह्यलं होतं. या वेळी चिनुआ अचेबेंची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ घेतली, नायजेरियातल्या इग्बो लोकांची, आणि भांडणच झालं. एक काकू म्हणाल्या, जुळी बाळं रानात टाकणारे लोक, पोटच्यासारख्या वाढवलेल्या पोराला मारणारे, त्यांचं काय वाचायचं! एक दादा म्हणे ती त्यांची संस्कृती आहे, आपण कोण बोलणारे. काहींनी तर नावांना कंटाळून अर्ध्यातच सोडलं. आता निम्मे म्हणतात यापुढे फक्त मराठीच घ्या. काय करावं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : बंद नका करू हो, इतकं तावातावाने बोलायला लावणारं पुस्तक रोज मिळत नाही.

काकूंना राग आला तो अगदी खरा आहे, पण मला वाटतं काकू आणि दादा दोघंही एकच गोष्ट धरून चाललेत की त्या गावात सगळ्यांचं मत एकच होतं. तसं नाहीये ना! इकेमेफुनाला, म्हणजे त्या पोटच्यासारख्या वाढवलेल्या पोराला, मारायचं ठरतं तेव्हा गावातला एक म्हातारा, एझेउदू, स्वतः येऊन त्याला वाढवणाऱ्या ओकोंक्वोला, कादंबरीच्या नायकाला, सांगतो की पोरगा तुला बाप म्हणतो, तू यात हात घालू नकोस. ओकोंक्वो ऐकत नाही, भित्रा दिसू नये म्हणून स्वतःच घाव घालतो. त्याचा मित्र ओबिएरिका त्याला तोंडावर सांगतो की हे तू बरोबर केलं नाहीस, आणि याच ओबिएरिकाने स्वतःची जुळी बाळं टाकलेली असतात, पुढे तो मनाशी विचारतो की त्या लेकरांचा गुन्हा काय होता. म्हणजे काकूंचा प्रश्न त्या गावातला माणूसच विचारून राह्यलाय, आणि ‘आपण कोण बोलणारे’ म्हटलं की त्याचंही तोंड बंद होतं. शांतीच्या आठवड्यात, म्हणजे कुणावरही हात उगारायचा नसतो त्या दिवसांत, बायकोला मारलं म्हणून ओकोंक्वोला दंड होतो तो भागही पुन्हा वाचा, नियम मोडला की गाव त्यालाही सोडत नाही.

शेवटचं पान तर सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचा. इंग्रज अधिकारी ओकोंक्वोच्या मरणाकडे बघतो आणि ठरवतो की आपल्या पुस्तकात या माणसाला एक परिच्छेद पुरे. इतका वेळ आपण ज्याचं घर, शेत, बायका-मुलं, सगळं पाहिलं त्याला एक परिच्छेद! हे पुस्तक १९५८ला लंडनमध्ये छापलं गेलं, नायजेरिया स्वतंत्र व्हायच्या दोन वर्षं आधी. आफ्रिकेबद्दल तोवर इंग्रजांनी जे लिहिलं होतं त्याला अचेबेंचं उत्तर आहे ते, म्हणून तो अधिकारी अगदी शेवटी येतो.

नावांचा त्रास मात्र होतोच. कोण कुणाचं कोण ते एका कागदावर लिहून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, पहिली पन्नासेक पानं गेली की तो कागद लागत नाही.

आणि पुढच्या वेळी मराठी घ्या, मग त्यानंतर बुची एमेचेता यांची ‘द जॉयज ऑफ मदरहूड’ घ्या. १९७९ची आहे, तीही इग्बो लोकांचीच पण बाईने लिहिलेली, त्यातली न्नू एगो गावातून लागोस शहरात येते आणि मुलं वाढवता वाढवता झिजून जाते. चर्चेची सुरुवात काकूंनाच करू द्या, माझी खात्री आहे त्यांना खूप बोलायचं असेल.