सिंगापूरला हॉकर सेंटरमध्ये (खाण्याचे बरेच स्टॉल एकत्र असतात तिथे) प्रॉन नूडल्स खायचेत, कसे मागवू?

पहिल्यांदाच खाताय तर सूपवालेच घ्या, ड्राय नंतर कधीतरी. खरी मजा रश्शात आहे हो, कोळंबीची डोकी आणि सालं मस्त परतून मग बराच वेळ उकळतात त्यामुळे तो लालसर रंग नि गोडसर चव येते, आपल्याकडे जे लोक डोकी फेकून देतात त्यांनी तर खाऊन बघाच. नूडल्स पिवळे आणि तांदळाचे बारीक असे मिक्स मागा. एक मात्र बघा, रश्शात बऱ्याचदा पोर्कची हाडं असतात, चालत नसेल तर आधी विचारा किंवा हलाल स्टॉल शोधा. मलेशियातल्या पेनांगला हीच डिश हॉक्कियन मी म्हणून मिळते, सिंगापूरला त्या नावाने मागितलं तर परतलेले नूडल्स येतात! आणि खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, २०२१ पासून तसा नियमच आहे.